स्तनाचा कॅन्सर असताना चिंतेची गोळी कशी निवडायची

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार सुरू असताना चिंतेवर औषध घेता येतं, आणि गरज असेल तर ते जरूर घ्यावं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण आमच्या हॉस्पिटलच्या औषध खिडकीवर येणाऱ्या कितीतरी बायका धडधड, अपुरी झोप आणि सतत पोटात पडणारा खड्डा महिनोन्‌महिने अंगावर काढतात. ‘आधीच ओंजळभर गोळ्या, त्यात आणखी एक नको,’ असं त्यांचं म्हणणं असतं. आणि काहींना फॅमिली डॉक्टरांनी, नात्यातल्या कुणी किंवा थेट मेडिकलवाल्याने एखादी गोळी दिलेली असते. कॅन्सरच्या डॉक्टरांना तिचा पत्ताच नसतो.

मला या दुसऱ्या प्रकारची काळजी जास्त वाटते. चिंतेवरच्या काही गोळ्या कॅन्सरच्या औषधाचा जोर कमी करतात, आणि तसं होत असताना बाईला काहीही जाणवत नाही. उलट झोप लागते, बरं वाटतं. म्हणून गोळी निवडताना ‘चिंता किती आहे’ एवढंच बघून चालत नाही, ‘कॅन्सरचं कुठलं औषध चालू आहे’ हेही त्याच वेळी बघावं लागतं.

हा लेख नुकतंच निदान झालेल्यांसाठी आणि त्यांची फाइल घेऊन फिरणाऱ्या घरच्यांसाठी आहे. गोळी ठरवायची ती डॉक्टरांनीच. पण त्यांच्यासमोर पूर्ण माहिती ठेवणं आणि नेमके प्रश्न विचारणं तुमच्या हातात आहे. स्तनाचा कॅन्सर पुरुषांनाही होतो आणि हार्मोनची गोळी म्हणून त्यांनाही बहुधा टॅमॉक्सिफेनच देतात, तेव्हा पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

पायरी १ : ही चिंताच आहे ना, ते आधी बघा

केमोच्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. उलट्या आणि अ‍ॅलर्जी टाळायला ते लागतंच. पण त्याने डोकं टक्क जागं राहतं, चिडचिड होते, मन एका विचारावर ठरत नाही. ‘केमो झाली की दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, मग आपोआप बरं होतं,’ असं तुमचं गणित असेल तर आधी स्टेरॉइडचा संशय घ्या. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेता येईल का, डोस कमी होईल का, एवढं विचारलं तरी अनेकदा प्रश्न सुटतो. मात्र डोस स्वतःहून कमी करू नका.

दुसरा संशयित म्हणजे उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड. ते घेतल्यावर काहींचे पाय एका जागी ठरत नाहीत. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की येरझारा, पुन्हा बसलं की तेच. पाहणाऱ्याला वाटतं, बाई घाबरली आहे. खरं तर तो त्या औषधाचा ठरलेला दुष्परिणाम असतो आणि ते औषध बदललं की शांत होतो. त्यावर चिंतेची गोळी चढवली तर मूळ कारण तसंच राहतं.

हिमोग्लोबिन उतरलं असेल तर चार पायऱ्या चढताच छाती धडधडते. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारं औषध, उदाहरणार्थ पेम्ब्रोलिझुमॅब, चालू असेल तर थायरॉइड बिघडून हात थरथरू शकतात. ट्रास्टुझुमॅब या कॅन्सरच्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते घेणाऱ्यांनी धडधड नव्याने सुरू झाली तर टूडी एकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तारीख जवळ आणावी. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्यांमुळे अंगातून गरम वाफा येतात. रात्री घामाघूम होऊन जाग येते आणि जाग आली की विचार सुरू होतात. अशा वेळी उपचार वाफांवर करायचा असतो, आणि त्यासाठी वेगळी सोय आहे, ती पुढे सांगते.

एक गोष्ट मात्र चिंता समजून घरी काढायची नाही. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत दुखणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, यांपैकी काहीही झालं तर थेट कॅज्युअल्टी गाठा. कॅन्सर आणि टॅमॉक्सिफेन या दोन्हींमुळे रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. ती गाठ फुफ्फुसात गेली तर सुरुवातीला अगदी घाबरं झाल्यासारखंच वाटतं.

पायरी २ : किती आहे ते मोजा

‘टेन्शन आहे’ या शब्दांवरून डॉक्टरला फारसं काही कळत नाही. चिंता मोजायला जगभर ‘जीएडी-७’ ही सात प्रश्नांची यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली का, चिडचिड झाली का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबवू नका.

गुण कमी असतील आणि चिंता फक्त स्कॅनच्या किंवा रिपोर्टच्या आधी उसळत असेल, तर रोजच्या गोळीची गरज बहुधा नसते. तिथे समुपदेशन, विचारांवर काम करणारी वर्तन-उपचार पद्धती, श्वासाचे व्यायाम, शवासन यांचा चांगला उपयोग होतो. सौम्य चिंतेत आधी हे आणि गरज पडली तर गोळी, असाच क्रम कॅन्सरतज्ज्ञ सांगतात. चिंता रोज असेल, खाणं-पिणं सुटलं असेल, केमोची तारीख चुकवावीशी वाटत असेल, तर मात्र ‘मनाने खंबीर हो’ असं सांगणाऱ्यांचं ऐकून दिवस घालवू नका.

पायरी ३ : फाइल उघडा आणि हार्मोनची गोळी शोधा

या सगळ्यात ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबते.

बायॉप्सीच्या रिपोर्टवर ‘ईआर’ आणि ‘पीआर’ लिहिलेलं असतं. ते पॉझिटिव्ह असेल तर गाठ हार्मोनवर वाढणारी आहे आणि पुढे ५ ते १० वर्षं हार्मोनची गोळी लागणार. पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, रोज एक. पाळी गेलेल्यांना बहुधा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन.

टॅमॉक्सिफेन पोटात जातं तेव्हा ते पुरतं तयार औषध नसतं. यकृतातलं ‘सीवायपी-२डी६’ नावाचं एन्झाइम त्याचं रूपांतर एन्डॉक्सिफेनमध्ये करतं, आणि कॅन्सरच्या पेशींवरचं बरंचसं काम हे एन्डॉक्सिफेन करतं. आता चिंता आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या नेमकं हेच एन्झाइम अडवतात. टॅमॉक्सिफेन रोज घेतलं जातं, एक दिवसही चुकत नाही, तरी रक्तात एन्डॉक्सिफेन कमी पडतं.

एन्झाइम सर्वांत जोरात अडवणाऱ्या गोळ्या तीन : पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन आणि ब्युप्रोपिऑन. ही तीन नावं फाइलच्या आतल्या कव्हरवर लिहून ठेवा. टॅमॉक्सिफेन चालू असेल तोवर ही टाळायची.

याचा पुरावा कितपत भक्कम आहे, असं विचारलंत तर सरळ सांगते. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या २४३० बायकांच्या नोंदी तपासून २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला. टॅमॉक्सिफेनसोबत पॅरोक्सेटीन जितका जास्त काळ घेतलं गेलं, तितकं स्तनाच्या कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. त्याच गटातल्या इतर गोळ्यांबाबत तसं दिसलं नाही. २०१६ साली त्याच नियतकालिकात आलेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात मात्र मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही. म्हणजे वाद पुरता मिटलेला नाही. पण पॅरोक्सेटीनने एन्डॉक्सिफेन कमी होतं, हे रक्ताच्या तपासणीत स्पष्ट दिसलेलं आहे, आणि तेवढंच चांगलं काम करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या हाताशी आहेत. मग पाच-दहा वर्षांच्या उपचाराला उगाच धोका का लावायचा? कॅन्सरचे डॉक्टरही म्हणूनच ही जोडी टाळतात.

डुलोक्सेटीन हे एन्झाइम मध्यम प्रमाणात अडवतं. त्याचं नाव मुद्दाम घेते. पॅक्लिटॅक्सेलच्या केमोनंतर हातापायांना मुंग्या येतात, तळपाय जळतात आणि त्यासाठी डुलोक्सेटीन दिलं जातं. ‘मुंग्यांचीही आणि टेन्शनचीही गोळी’ असं सांगितल्यावर ते बायकांना सोयीचं वाटतं. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा.

लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन घेणाऱ्यांना ही अडचण नाही, कारण ती औषधं या एन्झाइमवर अवलंबून नसतात. ईआर आणि पीआर दोन्ही निगेटिव्ह असतील तर हार्मोनची गोळीच नसते. तिथे निवड बरीच मोकळी राहते, फक्त केमोच्या औषधांकडे लक्ष ठेवायचं.

पायरी ४ : रोजच्या गोळ्यांपैकी कुठली

चिंतेवर रोज घ्यायच्या गोळ्या बहुतेक नैराश्यावरच्याच गटातल्या असतात. स्ट्रिपमधल्या कागदावर ‘अँटिडिप्रेसंट’ वाचून दचकू नका. चिंतेवरही पहिल्या पसंतीला याच असतात, आणि त्यांची सवय लागून डोस वाढवत जावा लागत नाही.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांसाठी डॉक्टर बहुधा व्हेनलाफॅक्सिन किंवा एस्सिटालोप्राम यांतून निवड करतात. व्हेनलाफॅक्सिन एन्झाइमला जवळजवळ हात लावत नाही. शिवाय ते गरम वाफाही कमी करतं, तेही ३७.५ ते ७५ मिलिग्रॅमच्या लहान डोसमध्ये. चिंता आणि रात्रीचा घाम दोन्ही असतील तर मला हीच निवड सर्वांत शहाणपणाची वाटते. रक्तदाब मात्र तपासत राहावा लागतो, कारण डोस वाढला की तो चढू शकतो. आणि ही गोळी एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ आणि डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येतात, म्हणून गावाला जाताना स्ट्रिप विसरायची नाही.

एस्सिटालोप्राम आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, स्वस्त आहे आणि बहुतेकांना सोसतं. एन्झाइमवर त्याचा परिणाम थोडासाच. साधारण ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १० पर्यंत नेतात. वयस्कर बायकांना १० च्या वर सहसा नेत नाहीत, कारण जास्त डोसला हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

सर्ट्रालीनही चालतं, पण १५० मिलिग्रॅम आणि त्यावर गेलं की तेही एन्झाइम अडवायला लागतं. भूक मेली असेल, मळमळ असेल, झोप नसेल, वजन उतरत असेल तर मिर्टाझापीन रात्री एक, हा चांगला पर्याय. त्याने भूक वाढते, वजनही वाढतं. केमोच्या काळात ते फायद्याचं ठरतं. हार्मोनच्या गोळीने आधीच वजन वाढलेल्या बाईला मात्र ते नको असतं. प्रेगाबालिन मुंग्यांवर आणि चिंतेवर दोन्हीकडे काम करतं आणि यकृतातल्या या एन्झाइमशी त्याचा संबंध नाही. झोप येणं आणि पायांवर सूज येणं, हे त्याचे त्रास. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो.

या गोळ्यांनी कॅन्सर परत येतो का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाई हळू आवाजात विचारते. चिंतेवरच्या या गोळ्यांनी कॅन्सर वाढतो, असा ठोस पुरावा नाही. प्रश्न येतो तो टॅमॉक्सिफेनशी न जुळणाऱ्या गोळ्यांचाच.

पायरी ५ : लगेच शांत करणाऱ्या गोळ्या जपून

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, एटिझोलाम. जिभेवर ठेवली की तासाभरात आराम, म्हणून सगळ्यांना हव्याशा वाटतात. टॅमॉक्सिफेनशी त्यांचं भांडण नाही. एमआरआयच्या बोगद्यात शिरताना जीव गुदमरतो तेव्हा किंवा केमोच्या खोलीचा वास आला तरी उलटी होते तेव्हा लोराझेपामची एखादी गोळी खरंच कामाची असते.

रोजची सवय मात्र वाईट. चार-सहा आठवडे रोज घेतली की शरीर मागायला लागतं, आणि एकदम बंद केली तर पूर्वीपेक्षा जास्त घाबरं होतं, क्वचित झटकेही येतात. वयस्कर बायका रात्री उठताना पडतात. लेट्रोझोलने हाडं आधीच ठिसूळ होत असतात, त्यात असं पडणं म्हणजे खुब्याचं हाड. दुखण्यावरचं मॉर्फिन किंवा ट्रॅमॅडोल चालू असेल तर ही जोडी श्वास मंदावू शकते. केमोच्या चिठ्ठीत उलटीसाठी रात्रीचं ओलान्झापिन असेल तर त्याचीही गुंगी असतेच, दोन्ही एकत्र आली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळा उघडत नाही.

आता स्ट्रिपकडे बघा. एस्सिटालोप्रामच्या ब्रँडच्या नावापुढे ‘प्लस’ किंवा दोन अक्षरं जोडलेली असतील तर तिच्यात बहुधा क्लोनाझेपामही आहे. पॅरोक्सेटीन आणि क्लोनाझेपामची अशीच जोडगोळी बाजारात आहे. बाई सांगते, ‘मी एकच गोळी घेते,’ आणि त्या एका गोळीत दोन औषधं असतात. स्ट्रिप उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा, तिथे प्रत्येक घटक आणि त्याचे मिलिग्रॅम छापलेले असतात. पाचच गोळ्या मागितल्या की मेडिकलवाला कात्रीने तुकडा कापून देतो आणि नाव छापलेला भाग त्याच्याकडेच राहतो. अशा वेळी पूर्ण स्ट्रिपचा फोटो तिथेच काढून घ्या. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात, दुकानदाराला त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय मिळाली म्हणून ती सुरक्षित ठरत नाही.

पायरी ६ : बाकीच्या गोळ्यांशी जुळतं का

रायबोसिक्लिब ही कॅन्सरची गोळी चालू असेल तर एस्सिटालोप्रामबद्दल नक्की विचारा. दोन्हींनी ईसीजीवरचं ‘क्यूटी’ नावाचं अंतर लांबतं आणि ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि उलटीवरचं ओन्डॅन्सेट्रॉनही तेच करतं. ईसीजी काढून, पोटॅशियम बघून मग ठरवतात. रायबोसिक्लिबमुळे अल्प्राझोलाम शरीरात जास्त वेळ साचतं, तेव्हा तिथेही सावध. ही कॅन्सरची गोळी घेताना ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात. कोकणात आणि गोव्यात होणारं पपनस त्याच कुळातलं, तेही टाळलेलं बरं.

दुखण्यावरचं ट्रॅमॅडोल आणि चिंतेवरच्या रोजच्या गोळ्या एकत्र आल्या की शरीरात सेरोटोनिन हे रसायन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. घाम, थरथर, ताप, स्नायू ताठ होणं, गोंधळल्यासारखं होणं, ही त्याची लक्षणं. ऑपरेशनच्या वेळी काखेतली पहिली लसिकाग्रंथी (कॅन्सर तिथवर पसरला का ते बघायला काढतात ती) शोधायला आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मिथिलीन ब्लू हा निळा रंग टोचतात. त्याचाही या गोळ्यांशी असाच संबंध येऊ शकतो. ‘मी एस्सिटालोप्राम घेते’ हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधी सांगा, ते त्यांच्या बेताने ठरवतील. स्वतःहून आदल्या दिवशी बंद करू नका.

आपल्याकडे फार कमी लोकांच्या लक्षात येणारी एक गोष्ट सांगते. अ‍ॅसिडिटीसाठी रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोल लिहिलं जातं, आणि पुष्कळदा त्यात लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. हे मनावरच्या औषधांच्या कुळातलं आहे आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे स्तनात दूध आणणारं हार्मोन, वाढवतं. त्याच्या जवळच्या सल्पिराइडच्या माहितीपत्रकात स्तनाच्या कॅन्सरमध्ये देऊ नये असं लिहिलेलं असतं. साधी अ‍ॅसिडिटीची गोळी हवी असेल तर साधीच मागा.

झोपेसाठी किंवा खोकल्यासाठी डायफेनहायड्रामीन असलेलं सिरप रोज रात्री घेऊ नका, तेही ‘सीवायपी-२डी६’ अडवतं. ‘नैसर्गिक’ म्हणून ऑनलाइन विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट तर पूर्ण टाळा, अनेक औषधं त्याने शरीरातून लवकर निघून जातात. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची आणि थायरॉइड हलल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. केमोच्या काळात यकृतावर आधीच भार असतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आमटी-भाजीतली हळद खुशाल खा. काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल मात्र टॅमॉक्सिफेनसोबत घेऊ नयेत.

पायरी ७ : एक यादी, दोन्ही डॉक्टरांसमोर

जळगाव, सांगली किंवा म्हापशाहून परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारासाठी येणारे लोक पुष्कळ. केमो मुंबईत, आणि मधले आठवडे गावातल्या डॉक्टरकडे. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या पिशव्यांत राहतात आणि एकमेकींना कधी भेटत नाहीत. न जुळणारी जोडी इथूनच शिरते. उपाय सोपा : एक वही किंवा मोबाइलमधला एक फोटो, ज्यात रोजची प्रत्येक गोळी, डोस आणि कुणी दिली ते लिहिलेलं. रक्तदाबाची, शुगरची, थायरॉइडची, अ‍ॅसिडिटीची, काढा, चूर्ण, सगळं. काढ्याचं नाव सांगायला संकोचू नका.

मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या : ‘डॉक्टर, मला स्तनाचा कॅन्सर आहे आणि मी टॅमॉक्सिफेन घेते.’ त्यानंतर चार गोष्टी विचारा. ही गोळी टॅमॉक्सिफेनशी जुळते का? ईसीजी लागेल का? किती दिवसांनी फरक दिसेल? बंद करायची असेल तर कशी? मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत मानसोपचाराचा विभाग असतो, तिथले डॉक्टर या जोड्या रोज बघतात. नातेवाइकांनी ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हटलं तरी कॅन्सरच्या उपचारात ही भेट भूलतज्ज्ञाच्या भेटीइतकीच नेहमीची आहे, असं त्यांना सांगा.

पायरी ८ : पहिले काही आठवडे

रोजच्या गोळीचा उपयोग जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधी बेचैनी उलट वाढल्यासारखी वाटते. ‘गोळी मानवत नाही’ म्हणून चौथ्या दिवशी सोडून देणाऱ्या बायका मी खूप पाहते, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण आणखी दोन आठवडे थांबल्या असत्या तर आराम पडला असता. फार त्रास झाला तर डॉक्टरांना फोन करा, डोस अर्धा करून सुरुवात करता येते. याच काळात तेवढ्यापुरती क्लोनाझेपामची लहान गोळी देतात. ती कधी बंद करायची, ती तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.

साठीच्या पुढच्या बाईला गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात ग्लानी, गोंधळ, तोल जाणं दिसलं तर रक्तातलं सोडियम तपासा, ते उतरू शकतं. केमोने प्लेटलेट्स कमी झाल्या असताना हिरड्यांतून रक्त आलं किंवा अंगावर निळे डाग दिसले तर कळवा. दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन घेऊ नका, या गोळ्यांसोबत रक्तस्त्रावाचा धोका वाढतो. यांतल्या बऱ्याच गोळ्या जनऔषधी केंद्रात जेनेरिक नावाने बऱ्याच स्वस्तात मिळतात.

पॅरोक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन आधीपासूनच चालू असेल तर

हे वाचून आज रात्रीच गोळी बंद करू नका. पॅरोक्सेटीन एकदम सोडलं की चक्कर, घबराट आणि झोपमोड जोरात होते. ते हळूहळू उतरवत दुसऱ्या गोळीवर नेतात. फ्लुओक्सेटीनची गोष्ट वेगळी : बंद केल्यावरही ते आणि त्याचं उरलेलं रूप शरीरात पाचेक आठवडे राहतं, म्हणजे एन्झाइमवरचा अडसरही तेवढा वेळ राहतो. टॅमॉक्सिफेन सुरू व्हायचं असेल तर हा बदल आधीच करून घेतलेला चांगला. ते आधीच चालू असेल तरी टॅमॉक्सिफेन थांबवू नका. या आठवड्यात दोन्ही डॉक्टरांना भेटा आणि बदल त्यांच्या देखरेखीत करा.

वाट न बघता मदत कधी घ्यायची

जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे, रात्रीही उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं. धोका तातडीचा असेल तर ११२. घरच्यांनी अशा वेळी बाईला एकटं सोडू नये आणि गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात ठेवावा.

हार्मोनची गोळी बदलली तर

दोन-तीन वर्षांनी टॅमॉक्सिफेन बदलून लेट्रोझोल सुरू होतं, किंवा उलटही होतं. तरुण बायकांना पाळी थांबवणारं इंजेक्शन देऊन सोबत एक्झेमेस्टेन देतात. अशा प्रत्येक बदलाच्या दिवशी यादी पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवा. लेट्रोझोलसोबत निर्धास्त चाललेलं डुलोक्सेटीन टॅमॉक्सिफेनवर परत गेल्यावर तसंच चालू ठेवता येईलच असं नाही. आणि नवी गोळी घरी आणल्यावर जुनी स्ट्रिप डब्यातून काढून टाका, म्हणजे चुकून दोन्ही घेतल्या जाणार नाहीत.